धारोष्ण दुधाचा आग्रह नको

गावी गेल्यावर गोठ्यातच पेलाभर धारोष्ण दूध पिण्याचा आग्रह होतो. शहरात ‘थेट फार्मवरून’ आलेले दूध न तापवताच, ताकदीचे म्हणून मुलांना दिले जाते. दोन्हीकडे माझा सल्ला एकच आहे : कच्चे दूध पिऊ नका. क्षय आणि ब्रुसेलोसिस हे त्यातले जुने धोके. आता अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंची त्यात भर पडली आहे.

हे जंतू दुधात येण्याची एक मोठी वाट कासेच्या आजारातून जाते. पशुपालक ज्याला दगडी म्हणतात, तोच स्तनदाह. कास सुजते, कडक होते, दुधात गाठी येतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय हे त्यामागचे नेहमीचे जंतू, आणि हेच माणसालाही आजारी पाडतात. उपचारासाठी सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात, इंजेक्शन देतात. जनावर दुखण्यात असताना औषध द्यायलाच हवे. पण सूज उतरली की कोर्स अर्धवट सुटतो, किंवा दुधाची तपासणी न करता मागच्या वेळचेच औषध पुन्हा आणले जाते. औषधाला बळी पडणारे जंतू मरतात, तगलेले वाढतात.

त्याहून मला काळजी वाटते ती वासरांची. उपचार चालू असलेल्या गाईचे दूध विकता येत नाही, म्हणून ते वासराला पाजले जाते. त्या थोड्याथोड्या औषधाने वासराच्या आतड्यात चिवट जंतू पोसले जातात. मग ते शेणातून गोठ्यात, कासेवर, धार काढणाऱ्याच्या हातावर आणि चरवीत पोहोचतात. २०११ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांना मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचा एक नवा प्रकार गाईंच्या दुधात आढळला, आणि तोच प्रकार रुग्णांमध्येही होता.

दूध तापवल्याने काय होते, याबद्दल बराच गोंधळ असतो. जंतू कितीही चिवट असला तरी चिवटपणा औषधापुरताच. उष्णतेने तोही मरतो. पाश्चरायझेशनमध्ये दूध ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद ठेवतात, तेवढे पुरते. घरी सुटे दूध चांगली उकळी येईपर्यंत ढवळत तापवा, लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा. मात्र दूध तासन्‌तास गरम हवेत राहिले आणि स्टॅफिलोकॉकसने त्यात विष तयार केले, तर ते विष उकळूनही जात नाही. काही तासांतच उलट्या सुरू होतात. उशिरा तापवलेल्या दुधावर म्हणूनच विसंबू नये.

औषधाचा अंश ही वेगळी गोष्ट. तोही उकळून पूर्णपणे जात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मध्ये अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त आढळले. प्रमाण थोडे आहे; घाबरून मुलांचे दूध बंद करू नका. त्यावर खरा उपाय गोठ्यातच आहे : औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये, पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय ट्यूब आणू नये, आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढावी आणि धारेनंतर सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत. सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी घातली, हे फार चांगले झाले. अतिदक्षता विभागात बाकीची औषधे हरल्यावर आम्ही डॉक्टर त्याकडेच वळतो.

तापवलेल्या दुधाचे घरचे दही, ताक, सायीचे लोणी खुशाल खा. विरजणाचा चमचा आणि भांडे मात्र स्वच्छ असू द्या. सुटे पनीर, रस्त्यावरचे बर्फ घातलेले ताक, कच्च्या दुधाचे चीज यांपासून गर्भवती, तान्ही मुले, वृद्ध, केमोथेरपी घेणारे आणि अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांना कटाक्षाने दूर ठेवा.

कच्चे दूध पोटात गेल्यावर जुलाब झाले, तर औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. बहुतेकांना ओआरएस आणि विश्रांती पुरते. ताप टिकला, शौचात रक्त आले किंवा मूल मलूल झाले, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि कच्चे दूध प्यायल्याचे आवर्जून सांगा. मग कोणती तपासणी करायची, हे आम्हाला लवकर ठरवता येते.