सीटचे पैसे कोण भरतं?

मुलाने किंवा मुलीने घरात "मला रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय" असं जाहीर केलं, की पालकांच्या तोंडून हमखास येतं, "पगार किती मिळतो?" रास्तच प्रश्न आहे, पण या धंद्यात तो दुसरा. पहिला प्रश्न असा, की त्या गाडीत बसण्यासाठी कोण कुणाला पैसे देतं? टीम ड्रायव्हरला देते, की ड्रायव्हर टीमला? बहुसंख्य रेसिंग ड्रायव्हरांच्या बाबतीत याचं उत्तर पालकांच्या अपेक्षेच्या नेमकं उलट येतं.

फॉर्म्युला वनचं उदाहरण मुद्दाम बाजूला ठेवतो. साऱ्या जगात मिळून तिथे वीस-बावीस जागा. त्यावरून करिअरचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. टूरिंग कार रेसिंग जास्त शिकवून जातं. शोरूममध्ये दिसणाऱ्या सेडान आणि हॅचबॅकचंच रूप, पण आतून पूर्ण शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या. ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप, म्हणजे बीटीसीसी, ही यातली जुनी आणि नावाजलेली मालिका. 1958 मध्ये ती सुरू झाली. हंगामात दहा वीकएंड, शनिवारी सराव आणि क्वालिफाइंग, रविवारी एकाच दिवशी तीन शर्यती. केंटमधल्या ब्रँड्स हॅचपासून स्कॉटलंडमधल्या नॉकहिलपर्यंत हा ताफा फिरतो. म्हणजे इथल्या ड्रायव्हरला लोक वर्षातले दहा वीकएंड टीव्हीवर पाहतात. त्याचं घर चालतं ते बहुतेक करून उरलेल्या आठवड्यांवर.

निव्वळ गाडी चालवण्याचे पैसे घेणारे ड्रायव्हर तिथेही आहेत. कार कंपनीच्या किंवा मोठ्या प्रायोजकाच्या पाठबळावर चालणाऱ्या टीमला अनुभवी माणूस हवा असतो, आणि त्याची ती किंमत मोजते. कॉलिन टर्किंग्टन आणि ॲश सटन यांची चार-चार विजेतेपदं आहेत; असे लोक करारावर मानधन घेतात. अशा जागा मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ग्रिडवरच्या बाकी ड्रायव्हरांना हंगामाचा खर्च स्वतः उभा करावा लागतो, आणि चांगल्या टीममध्ये तो काही लाख पौंडांच्या घरात जातो. कुणाच्या घरचा कारखाना असतो, कुणाचे वडीलच टीमचे मालक. बाकीचे प्रायोजक गोळा करतात. बक्षिसाच्या रकमेवर घर चालवणारा टूरिंग कार ड्रायव्हर शोधून सापडणार नाही.

बक्षिसाचा एक प्रसंग मात्र ब्रिटनमध्ये आजही सांगतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बीटीसीसीत कार कंपन्यांच्या टीम पाण्यासारखा पैसा ओतत होत्या आणि खासगी टीमना जिंकणं जवळजवळ अशक्य झालं होतं. आयोजकांनी जाहीर केलं की एखाद्या खासगी ड्रायव्हरने शर्यत थेट जिंकून दाखवली तर अडीच लाख पौंड देऊ. 1999 मध्ये डॉनिंग्टन पार्कला मॅट नीलने निस्सान प्रिमेरामध्ये ती जिंकली. तो ज्या टीम डायनॅमिक्सकडून उतरला होता ती त्याच्या वडिलांची, आणि घरचा धंदा अलॉय व्हील बनवण्याचा. एवढा मोठा चेक घेणाऱ्या माणसाच्याही मागे घरचा धंदा होता, हे पालकांनी ध्यानात घ्यावं. पुढे नीलने तीन विजेतेपदं मिळवली. त्याच्याशी झुंजणाऱ्या बहुतेक कंपन्या मात्र 1999 आणि 2000 च्या हंगामांनंतर निघून गेल्या, आणि पगारी जागाही त्यांच्याबरोबर गेल्या. कंपनीच्या जाहिरात खात्याने मुख्यालयात एक बैठक घेतली की इकडे दोन ड्रायव्हर बेकार होतात. त्या दोघांचा वेग तेवढाच असतो.

आता प्रायोजकांविषयी, कारण इथेच बहुतेकांचा समज चुकतो. गाडीवर स्टिकर लावला, कंपनीने चेक दिला, संपलं, इतकं ते सोपं नसतं. बीटीसीसीच्या गाड्यांवरची नावं बघा. सटनने 2020 आणि 2021 ची विजेतेपदं ज्या टीमसाठी मिळवली तिचं नाव लेझर टूल्स रेसिंग. ही कंपनी गॅरेजला लागणारी हत्यारं विकते. नंतर तो गेला त्या टीमवर नापाचं नाव आहे, तो सुट्या भागांचा ब्रँड. पर्टेक हेही तिथल्या गाडीवर दिसलेलं नाव, ती कंपनी हायड्रॉलिक होज बदलून देते. यातलं काही सामान्य माणूस टीव्ही पाहून विकत घेत नाही. मग या कंपन्या पैसे का घालतात? कारण त्यांचे ग्राहक, म्हणजे गॅरेजवाले, वितरक, डीलर, हीच माणसं शर्यती बघायला येतात. कंपनी त्यांना शर्यतीच्या दिवशी बोलावते, जेवू घालते, टीमच्या तंबूत नेऊन गाडी दाखवते, आणि ड्रायव्हर त्यांच्याशी गप्पा मारतो. वर्षभर टाळाटाळ करणारा मोठा वितरक त्या दुपारी ऑर्डर देऊन जातो. ड्रायव्हर विकतो ती ही दुपार.

हे काम कष्टाचं असतं. सकाळची शर्यत पहिल्या लॅपला कुणीतरी मागून धडकून संपवलेली असते. मेकॅनिक दुपारच्या शर्यतीसाठी बंपर ठोकून सरळ करत असतात. आणि ड्रायव्हर हसऱ्या चेहऱ्याने पन्नास पाहुण्यांना गिअरबॉक्स समजावून सांगत असतो, मग पिटलेनमध्ये पोरांच्या टोप्यांवर सह्या करत असतो. ज्याला हे जमत नाही, तो कितीही वेगवान असला तरी पुढच्या वर्षी घरी बसण्याची शक्यता मोठी. माझ्या मते रेसिंगमध्ये जाणाऱ्या मुलाला दहावीनंतर सगळ्यात उपयोगी पडणारा विषय वाणिज्य आहे. ईमेल लिहिता येणं, प्रस्ताव मांडता येणं, "नाही" ऐकून पुन्हा फोन करता येणं. हे ऐकून मुलं हिरमुसतात, इलाज नाही.

कोल्हापूरकरांना हे लवकर कळेल. पैलवान मैदानात दिसतो काही मिनिटं. त्याचा वर्षाचा खुराक कुणीतरी भरत असतं, आणि त्या माणसाचं नाव फेटा बांधताना घ्यावं लागतं.

रोजच्या मिळकतीचा मोठा भाग शिकवण्यातून येतो. ब्रिटनमध्ये रेसिंग लायसन्ससाठी मान्यताप्राप्त रेसिंग स्कूलमध्ये परीक्षा द्यावी लागते, आणि तिथे शिकवणारे इन्स्ट्रक्टर पुष्कळदा चालू किंवा माजी रेसरच असतात. पैसेवाले हौशी लोक महागड्या गाड्या घेऊन ट्रॅकवर येतात, त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक अजून थोडा उशिरा" असं सांगण्याची दिवसाची फी मिळते. ज्युनिअर रेसरांचे आईवडील कोच ठेवतात. सिल्व्हरस्टोनला पोर्शेचं केंद्र आहे, तिथे ग्राहकांना गाडी चालवायला शिकवायला असेच लोक लागतात. शिवाय नव्या गाडीच्या अनावरणाला पत्रकारांना फिरवून आणणं, टायरच्या चाचण्या, कंपन्यांचे सोहळे. जेसन प्लॅटोने बीटीसीसीत 97 शर्यती जिंकल्या, तरी ब्रिटनमधल्या कित्येक घरांत तो 'फिफ्थ गिअर' या टीव्ही कार्यक्रमातला माणूस म्हणून माहीत आहे. 1992 चा विजेता टिम हार्वी पुढे समालोचक झाला.

मला यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण जेसिका हॉकिन्सचं वाटतं. कार्टिंगमधून वर आलेली मुलगी, पैशांअभावी रेसिंग अडखळलं, तर ती स्टंट ड्रायव्हर झाली. जेम्स बाँडच्या 'नो टाइम टू डाय'मध्ये तिने गाड्या उडवल्या. महिलांसाठीच्या डब्ल्यू सीरीजमध्ये उतरली, 2020 मध्ये बीटीसीसीतही दिसली. पुढे ॲस्टन मार्टिनने तिला फॉर्म्युला वन टीमची प्रतिनिधी म्हणून घेतलं आणि 2023 मध्ये हंगेरीच्या ट्रॅकवर तिने त्यांची गाडी चाचणीत चालवली. हिचा व्यवसाय कोणता, हे एका शब्दात सांगता येणार नाही. स्टिअरिंगशी संबंधित जे काम मिळेल ते ती करत गेली, आणि टिकली.

वेळ किती लागतो? टॉम इन्ग्रम 2010 मध्ये जिनेटा ज्युनिअरचा विजेता झाला. 14 ते 17 वर्षांच्या मुलांसाठीची ही मालिका तेव्हा बीटीसीसीच्याच वीकएंडला चालायची, आणि तिच्यात स्कॉलरशिपची सोयही आहे. इन्ग्रम बीटीसीसीत आला 2014 ला, आणि पहिलं विजेतेपद आलं 2022 मध्ये. ज्युनिअर विजेतेपदापासून बारा वर्षं, आणि हे ज्याचं नीट जमलं त्याचं गणित.

भारतात या पायऱ्या आहेत, पण वर जाताना जिना अरुंद होतो. एफएमएससीआय ही आपल्याकडची नियामक संस्था. तिचं लायसन्स लागतं. राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत इंडियन टूरिंग कार्स हा गटच आहे. शर्यती मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर आणि कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होतात, म्हणजे पुण्यामुंबईच्या किंवा पणजीच्या मुलाला प्रवासाचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा लागतो. 2010 मध्ये फोक्सवॅगनने भारतात पोलो कप सुरू केला. सगळ्यांना सारखी गाडी, देखभाल कंपनीकडे. चेन्नईचा आदित्य पटेल फोक्सवॅगनच्याच वाटेने जर्मनीत शिरोको कप खेळायला गेला, पुढे ऑडीच्या मालिकेत उतरला, आणि 2019 मध्ये अरमान इब्राहिमबरोबर एक्सवन रेसिंग लीगचा सहसंस्थापक झाला. ड्रायव्हरचा आयोजक झाला, हेही एक उत्पन्नाचं साधनच. बंगळूरचा अर्जुन मैनी 2021 मध्ये जर्मनीच्या डीटीएम मालिकेत दाखल झाला. नावातल्या 'टी'चा अर्थ टूरिंग कार असला तरी तिथे आता जीटी3 प्रकारच्या स्पोर्ट्सकार धावतात. केवळ भारतातल्या शर्यतींवर घर चालवणं आजच्या घडीला धरून चालू नये. मुंबईची स्नेहा शर्मा प्रवासी विमानं चालवते आणि रेसिंग करते. मला हा शहाणपणाचा नमुना वाटतो.

म्हणून बारावीच्या आत कॉलेज सोडण्याची भाषा कुणी करत असेल तर त्याला थांबवा. वर्षाला दहा वीकएंडचा खेळ शिक्षणाच्या आड येत नाही. आड येते ती घाई. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आधी भाड्याच्या कार्टवर बसवा, पुण्यामुंबईत आणि कोल्हापुरात ट्रॅक आहेत. स्वतःची कार्ट घेण्यापूर्वी एक हंगाम जाऊ द्या. लॅपची वेळ लिहून ठेवायची सवय लावा. ती वेळ मागच्या महिन्यापेक्षा सेकंदाच्या काही अंशाने का कमी-जास्त झाली, हे मुलाला सांगता येतं का ते बघा. वेग पुष्कळांकडे असतो. इंजिनिअरला उपयोगी पडेल असं बोलणारा ड्रायव्हर कमी मिळतो, आणि चाचणीची कामं त्यालाच मिळतात. ज्यांना स्टिअरिंगपेक्षा या बोलण्यातच रस वाटू लागतो, त्यांनी इंजिनिअरिंगला जाऊन कॉलेजच्या टीममधून फॉर्म्युला भारत स्पर्धेत उतरावं. महिन्याचा पगार असलेल्या नोकऱ्या रेसिंगमध्ये त्या बाजूला जास्त आहेत.

टीमशी करार करताना मात्र घरातल्या हिशेबी माणसाला शेजारी बसवा. हंगामाची रक्कम सांगितली की विचारा, यात टायरचे सेट किती, सरावाचे दिवस किती, एन्ट्री फी धरली आहे का, इंजिन उडालं तर कुणाच्या खात्यात. मग सगळ्यात महत्त्वाचं, अपघाताचं नुकसान. पुष्कळ करारांत ठरावीक रकमेपर्यंतची मोडतोड ड्रायव्हरने भरायची असते, चूक कुणाचीही असो. टूरिंग कारमध्ये दरवाजाला दरवाजा घासूनच ओव्हरटेक होतो, तेव्हा ही ओळ प्रत्येक वीकएंडला लागू पडू शकते. ती रक्कम एका शर्यतीला आहे की पूर्ण हंगामाला, ते लेखी घ्या.

आणि मुलाच्या नावावरची विमा पॉलिसी कपाटातून काढून अपवादांचं पान वाचा. धोकादायक खेळ, मोटर रेसिंग, असे शब्द तिथे पुष्कळदा असतात. ते सापडले तर पहिल्या चाचणीच्या तारखेआधी विमा कंपनीला लेखी कळवा, आणि आयोजकांच्या लायसन्समध्ये किंवा एन्ट्री फीमध्ये अपघात विमा किती रकमेचा आहे, हॉस्पिटलचा खर्च त्यात येतो का, हे फोनवर न विचारता कागदावर मागून घ्या.