उन्हाळ्यात डीएनपीची बाटली

बेटा, गोंडवाना विद्यापीठात एम.एस्सी. रसायनशास्त्राला प्रवेश घेतलास, आता हायड्रॅझोन स्वतःच्या हाताने करशील. अल्डिहाइड किंवा किटोनला हायड्रॅझिनच्या कुळातला पदार्थ भेटला की पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि कार्बन-नायट्रोजनचा दुहेरी बंध तयार होतो. आम्ल बेतानं घाल. नसेल तर पाणी सुटत नाही, फार झालं तर नायट्रोजनच प्रोटॉन धरून बसतो. साधारण ४ ते ५ सामूला काम झटपट होतं.

२,४-डीएनपीच्या, म्हणजे २,४-डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिनच्या, चाचणीत पिवळा साका आला तर बहुधा साधा अल्डिहाइड-किटोन, नारिंगी-लाल आला तर शेजारी बेंझिनचं कडं किंवा दुहेरी बंध असण्याची शक्यता. पण रंगावर निकाल लिहू नकोस. गरम अल्कोहोलातून स्फटिक पुन्हा काढ, नीट वाळव, मग वितळणबिंदू घे: ॲसिटोनचा १२६ अंश, सायक्लोहेक्झॅनोनचा १६२, बेंझाल्डिहाइडचा २३७. आकडा २०० च्या आसपास घुटमळला तर नळीत अभिकारकच उरलाय असं समज. स्फटिक धुवायला बर्फाचंच पाणी हवं, चंद्रपूरच्या मे महिन्यातलं नळाचं पाणी चालायचं नाही.

याच उन्हाळ्याची मला खरी काळजी वाटते. कोरडं डीएनपी स्फोटक असतं, म्हणून ते पाणी घालून ओलंच ठेवतात. इथे पारा ४५ च्या वर जातो, महिनाभर प्रयोगशाळा बंद, आणि ढिल्या झाकणाची बाटली आतल्या आत वाळते. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळांत असल्याच जुन्या बाटल्यांसाठी बॉम्बपथक बोलवावं लागलं होतं. सुट्टी लागण्याआधी बाटली पाहा, पाणी कमी असेल तर सरांना सांगून घालून घे. सुट्टीनंतर झाकणाच्या कडेला कोरडे कण दिसले तर झाकण फिरवू नकोस, बाटली हलवूही नकोस. खोली रिकामी कर आणि विभागप्रमुखांना बोलाव.

फिनाइलहायड्रॅझिनचं वेगळं. एमिल फिशर यांनी ते १८७५ मध्ये शोधलं, साखरेचे ओसाझोन त्यावरच केले, आणि त्याची विषबाधा त्यांनाही झाली. ते कातडीतून शिरतं आणि तांबड्या पेशी फोडतं. आपल्या भागात सिकलसेलचं दुखणं आहे, त्यातही तांबड्या पेशीच फुटतात. वर्गातल्या कुणाला असेल तर चारचौघांत विचारू नकोस, त्याच्या वाट्याचं काम सरांकडून गुपचूप बदलून घे. तू स्वतः हातमोजे घालून, धूरकपाटातच काम कर.

मोहफुलांच्या काढ्याचा ओसाझोन मात्र जरूर करून बघ. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोघांच्याही सारख्याच पिवळ्या सुया येतात. उसाची साखर आधी आम्लात उकळून फोडल्याशिवाय काहीच देत नाही, म्हणून काढ्याचे दोन भाग कर आणि एकच आम्लात उकळ.