गिऱ्हाईक घरी पोचल्यावर उघडणारे दुकान

पेण-रोह्याच्या बाजारातले बरेचसे गिऱ्हाईक वाटेवरचे. कोणी गोव्याला जाता जाता गाडी थांबवून पोहे, पापड, मिरगुंड घेतो. कोणी गणपती ठरवायला पेणला, हमरापूरला, जोह्याला येतो. कोणी कुंडलिकेत राफ्टिंग करून कोलाडहून परत निघतो, तर कोणी सणाला रोह्यातल्या घरी येऊन दिवा गाडीने पुन्हा कामावर जातो. माल सगळ्यांना आवडतो. पण पोह्यांचा डबा रिकामा होतो तेव्हा माणूस डोंबिवलीत नाहीतर पिंपरीत असतो आणि त्याला दुकानाचे नाव आठवत नाही. "स्टँडवरून पुढे गेलं की उजव्या हाताला" एवढीच खूण उरते.

क्यूआर कोड आणि मोबाईलवर नीट दिसणारी वेबसाइट यांचा आपल्या भागातला खरा उपयोग इथे आहे. अनोळखी माणसाला ओढून आणण्याची ताकद त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात नाही. जो एकदा येऊन गेला, त्याला पुन्हा आपल्यापर्यंत पोचवायचे काम मात्र तो चोख करतो. म्हणून कोडची पहिली जागा दुकानाची भिंत नव्हे. गिऱ्हाइकाबरोबर जे घरी जाते ते, म्हणजे पुडा, खोका आणि पावती. हे डोक्यात ठेवले की पुढच्या पायऱ्या सोप्या आहेत. क्रम मात्र मोडू नका. बहुतेक जण आधी कोड छापतात आणि मग त्यात काय ठेवायचे याचा विचार करतात.

१. आधी प्रश्न गोळा करा

कोड म्हणजे फक्त एक पत्ता. त्या पत्त्यावर काय असावे हे तुमचे गिऱ्हाईकच सांगते. आठवडाभर गल्ल्याशेजारी वही ठेवा आणि फोनवर येणारा प्रत्येक प्रश्न लिहा. पोहेवाल्याला विचारतात: जाड आहेत का, पातळ किती रुपये किलो, मुंबईला पाठवता का? मूर्तिकाराला विचारतात: शाडूची आहे का, दीड फुटात कोणत्या मूर्ती आहेत, रंगकाम कधी पुरे होईल, न्यायला कधी येऊ? कोलाडच्या खानावळीला किंवा होम-स्टेला विचारतात: गाडी दारापर्यंत येते का, थंडीत पोपटी मिळेल का, किती माणसांची सोय आहे? जे चार-पाच प्रश्न सारखे येतात, त्यांची उत्तरे म्हणजे तुमची वेबसाइट. संस्थापकांचा परिचय, "आमचे ध्येय", फिरती चित्रे यांची गरज नाही.

२. गूगल मॅप्सवर दुकान नोंदवा

हे फुकट आहे आणि वेबसाइटच्याही आधी करायचे. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये दुकानाचे नाव, धंद्याचा प्रकार, वेळ, फोन आणि फोटो भरा. नोंद खरी असल्याची खात्री करताना गूगल बऱ्याचदा दुकानाचा छोटा व्हिडिओ मागते. त्यात पाटी, रस्ता आणि आतला माल दिसू द्या. नकाशावरची खूण बरोबर दारावर आणा. गल्लीतल्या कारखान्याची खूण हमरस्त्यावर पडली, तर मूर्ती न्यायला आलेला टेम्पो भलत्याच ठिकाणी उभा राहतो.

राज्याच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाची पाटी मराठीत असणे सर्वांनाच बंधनकारक झाले. पण तेच दुकान नकाशावर कित्येकदा फक्त रोमन लिपीत, तेही वेगवेगळ्या स्पेलिंगने सापडते. पाटीवर जे नाव आहे तेच नोंदीत ठेवा आणि माहितीच्या मजकुरात पोहे, मिरगुंड, शाडूची मूर्ती हे शब्द देवनागरीत येऊ द्या, कारण लोक मराठीतही शोधतात. साप्ताहिक सुट्टीचा वार आणि गणपतीच्या दिवसांतली वाढीव वेळ आठवणीने बदला.

३. एका पानाची वेबसाइट करा

सुरुवातीला व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉगही चालेल. फोटो, भाव आणि ऑर्डर, तिन्ही गोष्टी तिथे होतात. तरी स्वतःचा पत्ता असावा, कारण दुसऱ्याची सोय कधी बंद होईल ते आपल्या हाती नसते. गूगल बिझनेस प्रोफाइलवर पूर्वी फुकट वेबसाइट बनवता येत असे. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. काही महिन्यांनी त्या पत्त्यावरून पुढे पाठवणेही थांबले. ज्यांनी तो पत्ता पुड्यावर छापला होता, त्यांचे शिल्लक पुडे त्या दिवसापासून मुके झाले.

"डॉट इन" ने संपणारे नाव घ्या. वर्षाकाठी थोडे पैसे भरून ते चालू ठेवावे लागते. २०१४ पासून "डॉट भारत" हा देवनागरी पत्ताही मिळतो, पण तो रोमन पत्त्याच्या जोडीला ठेवा. नाव कोणाच्या खात्यावर नोंदवले जाते इकडे लक्ष द्या. भाच्याच्या किंवा डिझायनरच्या ईमेलवर नोंदवलेले नाव तो माणूस फोन उचलेनासा झाला की हातचे जाते. ईमेल तुमचा, पासवर्ड तुमच्या वहीत.

पानावर वरून खाली हा क्रम ठेवा: दुकानाचे नाव आणि गाव, मालाचा एक स्वच्छ फोटो, "व्हॉट्सॲपवर मागवा" आणि "फोन करा" अशी दोन मोठी बटणे, भावपत्रक आणि ते कोणत्या तारखेचे आहे, माल पाठवण्याचा खर्च आणि लागणारे दिवस, नकाशा. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक पुड्यावर असतोच, तो इथेही द्या. मूर्ती कुरिअरने पाठवत नसाल तर "मूर्ती न्यायला यावे लागेल" असे स्पष्ट लिहा. त्या एका ओळीने रोजचे कितीतरी फोन वाचतात.

मोबाईलसाठी काही पथ्ये आहेत. अक्षर किमान १६ पिक्सेलचे असावे. भावपत्रक फोटो किंवा पीडीएफ म्हणून टाकू नका. मजकूर म्हणून लिहा, म्हणजे बोटांनी मोठे करत वाचावे लागणार नाही आणि गूगललाही ते सापडेल. छापखान्यातून आलेला श्री-लिपीतला मजकूर पानावर जसाच्या तसा चिकटवला तर अगम्य चिन्हे दिसतात; तो युनिकोडमध्ये करून घ्या. मुक्त किंवा नोटोसारखा फुकट मिळणारा टंक चांगला वाचता येतो. कॅमेऱ्यातून निघालेला फोटो कित्येक एमबीचा असतो, तो दोनशे केबीच्या आत आणा.

मग तपासणी. गूगलची जुनी मोबाईल चाचणी डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली. आता पेजस्पीड इनसाइट्स वापरा. त्याहून खरी परीक्षा अशी: घरातला सगळ्यात जुना स्मार्टफोन घ्या, वायफाय बंद करा, जिथे रेंज रडतखडत येते तिथे उभे राहा आणि पान उघडा. भाव दिसेपर्यंत कंटाळा आला, तर गिऱ्हाईक तेवढाही वेळ थांबणार नाही.

४. कोड तयार करा

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांवर लक्ष ठेवण्यासाठी बनवला. कारखान्यात तेल आणि धूळ लागणारच, हे धरून त्यात दुरुस्तीची सोय ठेवली आहे. सर्वांत वरच्या पातळीवर कोडमधली सुमारे ३० टक्के माहिती खराब झाली तरी तो वाचता येतो. पापडाच्या पुड्याला तेलकट हात लागतात आणि मूर्तीच्या खोक्यावर रंगाचे शिंतोडे उडतात, म्हणून कोड बनवताना ही वरची पातळी निवडा. मधोमध बोधचिन्ह बसवले की ही राखीव शिल्लक खर्च होते. बसवायचेच तर लहान बसवा.

पत्ता जेवढा लांब, तेवढे कोडमधले चौकोन जास्त आणि बारीक. सर्वांत लहान कोडमध्ये एका बाजूला २१ चौकोन असतात, सर्वांत मोठ्यात १७७. छोट्या पुड्यावर बारीक चौकोन एकमेकांत मिसळतात, म्हणून पत्ता आखूड ठेवा.

कोड दोन प्रकारचे. "स्थिर" कोडमध्ये तुमचा पत्ता थेट असतो. तो कधी संपत नाही आणि त्याचे पैसेही पडत नाहीत. "डायनॅमिक" कोड आधी दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून तुमच्याकडे येतो. चाचणीची मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर तो बंद पडू शकतो. स्वतःच्या पत्त्याचा स्थिर कोड घ्या. पानावरचा भाव रोज बदलला तरी कोड तोच राहतो.

५. छापण्यापूर्वी नमुना काढा

साधा हिशेब: जितक्या अंतरावरून स्कॅन करायचे, त्याच्या एक दशांश रुंदीचा कोड. दोन मीटरवरून वाचायच्या फलकावर वीस सेंटिमीटर. हातातल्या पुड्यावर दोन ते अडीच सेंटिमीटर पुरतात. कोडभोवती चारही बाजूंनी चार चौकोनांएवढी कोरी जागा सोडा. गडद रंग फिक्या पार्श्वभूमीवर हवा. उलट केले तर काही फोन वाचत नाहीत.

पुड्याच्या शिवणीवर किंवा घडीवर कोड नको. चकचकीत प्लॅस्टिकवर उजेड चमकतो, तेव्हा मॅट लॅमिनेशन किंवा कागदी लेबल बरे. उघड्यावरचा फलक आपल्याकडच्या पावसात टिकायला हवा: सनपॅकवर विनाइल लावा, साधा कागद टेपने चिकटवू नका. मूर्तीच्या कारखानदारांनी कोड मूर्तीवर किंवा पाटावर लावू नये. आगाऊ रकमेची पावती आणि खोका ही त्याची जागा.

हजार पुडे छापण्याआधी एक नमुना मागवा, त्यात पोहे भरा, तोंड बंद करा आणि संध्याकाळच्या उजेडात दोन-तीन वेगवेगळ्या फोनांनी स्कॅन करा. कोडखाली काय मिळेल तेही लिहा: "हेच पोहे पुन्हा मागवण्यासाठी स्कॅन करा." नुसते "स्कॅन करा" लिहिले तर कोणी फोन काढत नाही.

६. पैशाचा कोड वेगळा ठेवा

२०१६ मध्ये यूपीआय आले आणि लोकांच्या मनात क्यूआर म्हणजे पैसे देणे हे पक्के झाले. त्यामुळे माहितीचा कोड बघून गिऱ्हाईक बिचकते. दोन्हींची जागा आणि रंग वेगळे ठेवा: गल्ल्यावर "पैसे इथे", पुड्यावर "मागणी इथे".

पैशाच्या कोडवर दुसऱ्याचे स्टिकर चिकटवण्याची फसवणूक होते. रोज दुकान उघडताना कोडवरून बोट फिरवा आणि स्कॅन केल्यावर आपलेच नाव येते का ते बघा. "आगाऊ पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असे कोणी म्हणाले तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसगत झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

७. मोजा आणि बदला

प्रत्येक जागेचा कोड निराळा करा. व्हॉट्सॲपच्या दुव्यात मजकूर आधीच भरून ठेवता येतो. पुड्यावरच्या कोडातून "पुड्यावरून मागणी" आणि पावतीवरच्या कोडातून "पावतीवरून मागणी" असा निरोप आला, की कोणता कोड कामाचा हे वहीतच कळते. महिनाभर एखाद्या जागेवरून एकही निरोप आला नाही, तर आधी कोडखालची ओळ बदला, मग जागा.

आलेले नंबर जपून वापरा. "गणपतीचे नवे नमुने आले की कळवू का?" असे विचारून होकार घ्या, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदाही आहे. रोज सुप्रभात पाठवणारा दुकानदार ब्लॉक होतो. मूर्तींची नोंदणी सुरू झाल्यावर, उन्हाळ्यात पापड वाळू लागल्यावर आणि थंडीत वालाच्या शेंगा आल्यावर, वर्षातून अशा तीन-चार निरोपांवर भागवा.

सात पायऱ्या एकदम करायला जाऊ नका. प्रश्नांची वही आणि नकाशाची नोंद याच आठवड्यात होईल. पान महिन्याभरात तयार होईल. कोड मात्र पुड्यांची पुढची ऑर्डर छापखान्यात जाण्याच्या आधी हातात हवा, तेव्हा ती ऑर्डर कधी द्यायची आहे ते आज बघा आणि तिथून मागे दिवस मोजत कामाला लागा.