परमिट पर्सचं नसतं, खेपेचं असतं

लंडनमध्ये माझा वापरलेल्या उंची पर्स घेण्या-विकण्याचा व्यवसाय आहे. पॅरिसच्या एका विक्रेत्याकडून अजगराच्या कातड्याची पर्स मागवताना मी परमिटचं आधीच विचारलं होतं. त्यानं सर्टिफिकेटचा फोटो पाठवला. सही, शिक्का सगळं खरं. तरीही कस्टम्सनं पार्सल अडवलं आणि पर्स जप्त झाली. ते सर्टिफिकेट पर्स पूर्वी न्यूयॉर्कहून पॅरिसला आली तेव्हाचं होतं.

वन्यजीवांच्या व्यापारावरच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारातलं निर्यात परमिट एकाच खेपेपुरतं असतं. ते सहा महिन्यांत वापरावं लागतं आणि मूळ प्रत कस्टम्सकडे जमा होते. ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर पॅरिस-लंडन व्यवहाराला ते लागत नसे. १ जानेवारी २०२१पासून लागतं. विक्रेत्यानं फ्रान्सचं पुनर्निर्यात सर्टिफिकेट काढायचं, मी ब्रिटनचं आयात परमिट, आणि दोन्ही हाती आल्यावरच पार्सल निघायचं. एकावर भागत नाही. २०२० साली ऑस्ट्रेलियात एका बाईंनी फ्रान्सहून मागवलेली, २६ हजार डॉलरहून महाग ॲलिगेटरची पर्स नष्ट केली गेली. फ्रान्सचं परमिट होतं. ऑस्ट्रेलियाचं ७० डॉलरचं आयात परमिट नव्हतं.

हे नियम मला जाचक वाटत नाहीत. अमेरिकन ॲलिगेटर १९६७ साली संकटग्रस्त ठरला होता. शिकार आणि व्यापार आवरल्यामुळेच तो सावरला आणि १९८७ साली त्या यादीतून बाहेर आला.

'पण मी तर स्वतःचीच पर्स घेऊन चालले आहे,' असं गिऱ्हाइकं म्हणतात. तशी सवलत आहे, पण ती तोकडी आहे. ब्रिटन आणि युरोपात मगरीच्या कातड्याच्या चार वस्तूंपर्यंत ती मिळते, तीही सामान तुमच्यासोबत असेल तरच. कुरिअरनं पाठवलेल्या किंवा विकायला नेलेल्या पर्सला ती नाही. शिवाय प्रत्येक देशाला करारापेक्षा कडक नियम करता येतात. भारतानं २०२२च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात 'साइट्स'मधल्या प्राण्यांची वेगळी अनुसूचीच घातली. म्हणून मुंबईला लग्नाला जाताना मी साधी गाईच्या चामड्याची पर्स नेते, आणि तुम्हीही तसंच करा.

विकत घेताना बिलावर प्राण्याचं शास्त्रीय नाव लिहून घ्या. नुसतं 'पायथन' लिहिलेलं चालत नाही. भारतीय अजगर 'साइट्स'च्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा व्यापार जवळजवळ बंद. पर्ससाठी सर्रास वापरला जाणारा आग्नेय आशियातला जाळीदार अजगर दुसऱ्यात. कातडं इंडोनेशियातून निघून इटलीत शिवलं गेलं असेल, तर पुढच्या सर्टिफिकेटवर आधीच्या परमिटचा नंबर लागतो. तो नसेल तर पुढचा अर्ज तिथेच अडतो.

आजीच्या काळातल्या मगरीच्या पर्सलाही सूट आपोआप मिळत नाही. करार लागू होण्याआधीची वस्तू असल्याचं वेगळं सर्टिफिकेट काढावं लागतं, आणि त्यासाठी पुरावा लागतो: दुकानाचं बिल, विम्याचा कागद, पर्स हातात असलेला तारखेचा फोटो. ते मिळेपर्यंत मी परदेशातल्या गिऱ्हाइकाशी भावाचं बोलणंही करत नाही.