खेळणं मोडलं की मुलाने मोडलं? – ट्रकचा रोबो पारखण्याचा पाठ



संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. त्यानंतर काही आठवडे होम मैदानावरची निम्मी खेळणी आमच्या शाळेत दप्तरातून फिरत असतात. गेल्या खेपेला सातवीत ट्रकचा रोबो होणाऱ्या खेळण्याची साथच आली. एकाने आणला की दुसऱ्या दिवशी पाच. मी दोन जप्त करून कपाटात ठेवले, तेही सांगून टाकते.

आमची शाळा पूर्व भागात. बरीच मुलं घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलतात. घरात कुणी यंत्रमागावर, कुणी विड्या वळणारं. त्यातल्या एका मुलाने यात्रेसाठी साठवलेले अडीचशे रुपये या रोबोवर घातले. तिसऱ्या दिवशी रोबोचा उजवा हात खांद्यातून निघाला. घरी मार मिळाला. मी विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "बाई, मीच जोरात फिरवला." मीही ठरलेलं वाक्य ऐकवलं, "वस्तू नीट वापरायला शिका."

आठवड्याभरात आणखी तिघांचे रोबो मोडले. मधल्या सुट्टीत चारही टेबलावर ओळीने ठेवले आणि माझं मलाच कसंसं झालं. चारही उजव्या खांद्यातच, त्याच पिनेपाशी मोडले होते. चौघांत एक धसमुसळा आहे, तर एक इतका जपणारा की वहीच्या कव्हरला कव्हर घालतो. चार ठिकाणी मोडले असते तर मुलांना बोलणं बरोबर होतं. एकाच जागी मोडतात तेव्हा दोष खेळण्यात शोधायला हवा. पाठ इथून सुरू झाला आणि त्याला विज्ञानाचे तीन तास लागले. टाचणवहीत मी तो पदार्थांच्या गुणधर्माखाली दाखवला, तुम्ही कुठे बसवायचा ते बघा.

आधी मुलांना या खेळण्याचं कूळ सांगितलं. जपानच्या ताकारा कंपनीने १९८० मध्ये डायाक्लोन नावाची खेळणी काढली. पुढे त्यात खऱ्या गाडीच्या साठाव्या हिश्श्याएवढ्या, रोबो होणाऱ्या गाड्या आल्या. आत बसायला बोटाच्या पेराएवढा चालक. १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ती घेऊन ट्रान्सफॉर्मर्स या नावाने विकायला सुरुवात केली. चालक गेला, पण पहिल्या काही गाड्यांत त्याची सीट तशीच राहिली! लाल-निळा ऑप्टिमस प्राइम याच घराण्यातला. आमच्या मुलांचा ट्रक म्हणजे त्याचीच नक्कल.

बाहुलीचा हात फिरला की काम झालं. इथे तोच हात घडी होऊन ट्रकची बाजू होतो. म्हणजे सांधा रोबोत घट्ट हवा, वळवताना मोकळा हवा, आणि ट्रक झाल्यावर त्याने फट दिसू देता कामा नये. हे सगळं तो एवढासा खांदा सांभाळतो. म्हणून हे खेळणं पारखायचं तर रंग आणि चेहरा राहू द्या, सांधे बघा.

असल्या खेळण्याचे बहुतेक भाग एबीएस प्लास्टिकचे असतात. ते कडक, चकचकीत, बारीक नक्षी छान पकडणारं असतं. जोर आला की मोडण्याआधी ते पांढरं पडतं. जुन्या पट्टीचा तुकडा वाकवून हे वर्गात दाखवता येतं, फक्त डोळे सांभाळा. आमच्या एका न मोडलेल्या रोबोच्या खांद्यावर पिनेभोवती अशी पांढरी रेघ आधीच होती. मुलं म्हणाली, "बाई, हा पण जाणार." चार दिवसांनी गेला.

हे का होतं? वितळलेलं प्लास्टिक साच्यात थंड होताना आकसतं. एबीएस साधारण अर्धा टक्का. चांगला कारखाना साचा तेवढा मोठाच बनवतो. मूळ खेळण्यावरूनच थेट साचा काढला तर भाग किंचित लहान निघतात आणि नक्षी बोथट होते. भोकही लहान होतं, पण धातूची पिन त्याच मापाची ठोकली की भोकाच्या कडेवर सतत ताण राहतो. मग कुणी फिरवो न फिरवो, चीर पडायला सुरुवात झालेलीच असते.

मला त्या मुलाच्या वडिलांना भेटायचंच होतं. खरं तर माफी मागायला. ते यंत्रमागावर टॉवेल विणतात. मोडका रोबो हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, वजन तर चांगलं लागतंय की." आम्ही स्क्रू काढून छाती उघडली, तर आत लोखंडाची एक पट्टी. कशालाच न जोडलेली, नुसती वजनाला. ते हसायलाच लागले. "खळ घातलीय की ओ ह्याला!" खळ दिलेलं कापड हाताला भरीव लागतं आणि पहिल्या धुण्यात उतरतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. चादर आपण बोटांनी चोळून, उजेडात धरून घेतो. तीच नजर खेळण्याकडे नेली की झालं, असं मी वर्गात त्यांचं नाव घेऊन सांगितलं. मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा वर बघत होता.

तुलनेसाठी पुण्याच्या भाच्याचा अस्सल रोबो आठवडाभर मागून आणला. दोन्ही रोबो ड्रॉइंग बोर्डावर उभे करून बोर्ड एका बाजूने हळूहळू उचलला आणि कोनमापकाने कोन मोजला. नकलेने भाच्याच्या रोबोच्या निम्म्याच उतारावर लोटांगण घातलं. मग हात आडवा करून त्याला दोऱ्याने छोटी पिशवी टांगली आणि एकेक नाणं टाकलं. दोन नाण्यांत नकलेचा हात खाली आला. अस्सलच्या खांद्यात दातेरी खटका आहे, फिरवताना टक् टक् वाजतो आणि प्रत्येक दातावर थांबतो. ट्रक केल्यावर फटीत पोस्टकार्ड जातं का, चारही चाकं टेबलाला टेकतात का, हे मुलांनी आपणहून सुचवलं. सगळ्यात शहाणी सूचना मागच्या बाकावरून आली: वीस वेळा रोबो-ट्रक-रोबो करा आणि नाणी परत टांगा. पहिल्या दिवशी सगळीच खेळणी घट्ट असतात.

अस्सल म्हणजे निर्दोष, असंही मनात धरू नका. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर निघालेल्या काही अस्सल रोबोंचं सोनेरी झाकेचं प्लास्टिक काळाने इतकं ठिसूळ होतं की नुसता हात फिरवला तरी तुकडे पडतात. संग्राहक त्याला घाबरून असतात. न उघडलेल्या खोक्यालाच जास्त भाव, हा मोठ्यांचा खेळ. खोक्यातला सांधा कसा आहे हे कुणाला कळणार?

पालकांनी एक गोष्ट मात्र दुकानातच बघावी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. वीज किंवा सेल नसलेल्या खेळण्याला आयएस ९८७३ हे मानक लागतं. चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. पण हे चिन्ह सुरक्षिततेचं आहे: धारदार कड, शिशासारखे विषारी घटक, मोडल्यावर बाहेर येणारे बारीक तुकडे. सांधा वर्षभर टिकेल अशी हमी त्यात नाही. घरात तीन वर्षांखालचं भावंडं असेल तर रोबोची मूठ आणि बंदुकीची गोळी आधी काढून ठेवा. ३१.७ मिलिमीटर रुंदीच्या चाचणीच्या नळीत पूर्ण मावणारा भाग तान्ह्या-लहानग्यांच्या घशात अडकण्याइतका छोटा धरतात. आमच्या चारही रोबोंच्या खोक्यांवर चिन्ह नव्हतं. खोकं जपून ठेवलं होतं म्हणून तेवढं तरी कळलं.

जप्त केलेले दोन रोबो मी परत दिले. त्या मुलाच्या वडिलांनी खांद्याचं भोक मोठं करून मागाच्या सामानातला छोटा नट-बोल्ट बसवला. हात आता पक्का आहे, पण घडी होत नाही, त्यामुळे त्याचा ट्रक पुन्हा कधी होणार नाही. यंदाच्या गड्ड्यात तोच मुलगा मला एका स्टॉलवर दिसला. रोबोचा खांदा कानाशी धरून फिरवत होता. दुकानदार वैतागून म्हणाला, "घ्यायचा का नाही रे?" "खटका वाजत नाही," म्हणाला, खाली ठेवला आणि पाळण्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला.