पेडल-ट्यूनरची निवड

गिटार अगर बास वाजविणाऱ्या विद्यार्थ्यानें पायाशीं ठेवावयाचा ट्यूनर निवडतांना काय पाहावें, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करूं.

तारेचीं कंपनें मोजून स्वर चढा आहे कीं उतरलेला, हें ट्यूनर दाखवितो. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२ वेळां कांपते; बासची ४१, आणि पांच तारांच्या बासची अवघी ३१ वेळां. म्हणून बासवाल्यानें दुकानांत प्रथम हीच तार छेडून पाहावी. दिवा स्थिर राहत नसेल, तर तें यंत्र त्याच्या उपयोगाचें नाहीं.

अर्धस्वराच्या शंभराव्या भागास सेंट म्हणतात. एका सेंटपर्यंतची अचूकता सभेंतील वादनास पुरते; सेंटच्या दशांशासाठीं पालकांनीं जास्त पैसे मोजूं नयेत. पाय देतांच आवाज बंद व्हावा व दिवे उन्हांतही दिसावे, हे गुण अधिक मोलाचे.

मूळ स्वर ४४० कंपनांवरून हलवितां येतो कीं नाहीं, हेंही विचारावें. सभागृहांतील जुना पियानो उतरलेला असल्यास ट्यूनर बरोबर असूनही मेळ बिघडतो. अशा वेळीं यंत्रानें पियानोस अनुसरावें. आणि तें साधलें कीं नाहीं, याचा निवाडा शेवटीं कानानेंच करावयाचा असतो.