खुराड्यातील नवागत

हुमनाबाद हे अनेक भाषांचे गाव आहे. येथे एकाच पक्ष्यास मराठीत कोंबडी, कानडीत कोळी, तेलुगूत कोडी आणि दखनीत मुर्गी म्हणतात. आमच्या घरच्या कोंकणीत ती कोंबी होते. नावे पाच, परंतु खुराड्यातील तिचा कायदा सर्वत्र एकच. तो कायदा ठाऊक नसल्यामुळे आमच्या हातून एकदा जी चूक घडली, ती प्रथम सांगतो. कारण हा पाठ आम्ही त्या चुकीपासूनच शिकलो.

आमच्या परसात सहा जुन्या कोंबड्या व एक कोंबडा होता. त्यांत भर म्हणून आम्ही आठ पिल्ले आणून वाढविली. महिन्याभरात ती चुणचुणीत दिसू लागताच, आता सर्वांनी एकत्र नांदावे, अशा भाबड्या समजुतीने आम्ही ती सकाळी मोठ्या खुराड्यात सोडली व शाळेस निघून गेलो. सायंकाळी परतलो तेव्हा दोन पिल्ले मरून पडली होती, तिसऱ्याच्या डोक्यावरील कातडी सोलवटली होती आणि उरलेली पाच पाण्याच्या भांड्यापासून दूर, कोपऱ्यात एकमेकांवर चढून थरथरत होती. आपल्याच कोंबड्यांनी असे का केले, असे आमच्या धाकट्या मुलीने विचारले. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर! उत्तरासाठी पुस्तके चाळावी लागली आणि जाणत्या शेजाऱ्यांचे पाय धरावे लागले.

ते उत्तर असे. कोंबड्यांच्या कळपात मानाची एक उतरंड असते. नॉर्वेतील थोर्लिफ श्येल्डरुप-एब्बे या संशोधकाने कोंबड्यांचे बारकाईने निरीक्षण करून १९२० नंतरच्या दशकारंभी ती जगापुढे मांडली. वरच्या पायरीवरील कोंबडी खालचीस टोचते, खालची ते निमूटपणे सोसते, आणि दाणापाण्याचा क्रमही याच उतरंडीने ठरतो. नवा पक्षी आला की त्याची पायरी ठरविण्यासाठी झुंज होते. मोठा पक्षी झुंजेल अथवा पळेल. पिल्लास दोन्ही साधत नाही. म्हणजे जुन्या कोंबड्या दुष्ट नव्हत्या. घाई आम्हीच केली होती. उरलेल्या सहा पिल्लांसाठी आम्ही मग जो क्रम योजिला, तो पुढीलप्रमाणे.

पहिली गोष्ट आरोग्याची. बाहेरून आणलेली पाखरे सुमारे महिनाभर वेगळी ठेवावीत, म्हणजे त्यांच्यासोबत आलेला रोग कळपात शिरत नाही. कुमाऊँतील राणीखेत या डोंगरी गावाचे नाव लाभलेला मानमोडीचा रोग कळपच्या कळप बुडवितो. त्याची लस पहिल्या आठवड्यात व पुन्हा आठव्या आठवड्याच्या सुमारास पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावी. विष्ठेत रक्त दिसल्यास तर क्षणाचाही विलंब करू नये.

दुसरी गोष्ट उबेची. पहिल्या आठवड्यात पिल्लास सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती तीनेक अंशांनी उतरवावी. पिल्ले दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवू लागली तर त्यांना थंडी वाजते आहे, आणि दूर जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकू लागली तर उकाडा होतो आहे, असे ओळखावे. अंगावर पुरी पिसे येईपर्यंत त्यांस बाहेर काढू नये.

तिसरी पायरी जाळीची. सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुराड्यातच जाळीचा आडोसा घालून पिल्ले एका बाजूस ठेवावीत. जाळीच्या दोन्ही अंगांस दाण्याची भांडी जवळजवळ मांडावीत. दोन आठवडे एकमेकांच्या डोळ्यांसमोर दाणे टिपले की अनोळखीपणाची धार बोथट होते.

चौथी पायरी मोकळ्या अंगणाची. दिवस मावळण्यापूर्वी अर्धा तास दोघांनाही एकत्र सोडावे व आपण तेथेच बसावे. जाळीच्या तळाशी विटेएवढे भोक ठेवावे. त्यातून पिल्लू आत पळू शकते, मोठी कोंबडी शिरू शकत नाही. अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात चुना फार असतो व तो वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांस बाधतो. म्हणून या काळात सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांची भरड निराळ्या भांड्यात ठेवावी.

पाचवी पायरी एकत्र निवासाची. दहा-बारा आठवड्यांनी, पिल्ले अंगाने जवळजवळ कोंबड्यांएवढी झाल्यावर, अंधार पडताच त्यांना दांडीवर नेऊन बसवावे. एकटे पिल्लू कधीही सोडू नये; सोबत हवीच. दाण्याची व पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी असावीत. भिंतीस शहाबादी फरशीचा तुकडा तिरपा टेकवून ठेवल्यास लपावयास जागा होते. मात्र ती दोन्ही बाजूंनी मोकळी असावी, नाहीतर आसऱ्याचाच सापळा होतो.

एवढे करूनही थोडी टोचाटोची होईलच. ती होऊ द्यावी. परंतु रक्त दिसताच पिल्लू बाजूस काढावे, कारण उघड्या जखमेवर इतर कोंबड्या तुटून पडतात. एखादीच कोंबडी फार छळत असेल, तर पिल्लास नव्हे, तिलाच चार दिवस वेगळे ठेवावे. परत आल्यावर तिचा तोरा बहुधा उतरलेला असतो.

या साऱ्या खटाटोपास एक अपवाद आहे. खुडूक कोंबडीने एकवीस दिवस उबवून काढलेल्या पिल्लांस आपण काही शिकवावे लागत नाही. पंख फुलवून तीच त्यांचा कैवार घेते व त्यांना कळपात फिरविते. ज्या पिल्लांस आई नाही, त्यांच्यासाठी मात्र हे काम माणसाने करावयाचे असते. त्याची जाळी म्हणजेच त्या आईचे पंख.

आमची सहाही पिल्ले या क्रमाने कळपात रुळली. डोक्याची कातडी सोलवटलेले ते पिल्लू पुढे तलंग झाले. तिच्या माथ्यावरील तेवढ्या जागी आजही पिसे विरळ आहेत. तिचे पहिले अंडे आमच्या मुलीने कोणासही खाऊ दिले नाही. दोन दिवस ते कपाटात जपून ठेविले.

विद्यार्थिमित्रहो, जून महिन्यात आपल्याही वर्गात दुसऱ्या गावची, दुसऱ्या बोलीची मुले येतात. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यातल्या बाकावर बसतात. त्यांना आपल्या शेजारी जागा करून द्यावयास बारा आठवडे लागू नयेत, एवढेच आमचे सांगणे आहे.